पडायला जागा, धरायला खांदा

(प्रभागसंघाच्या वार्षिक सभेत एका गटाच्या सचिव ताईंनी केलेल्या भाषणाचा हा मजकूर. शक्यतो त्यांच्याच शब्दांत देत आहोत.)

अध्यक्ष ताई, सगळ्या गावांतून आलेल्या माझ्या मैत्रिणींनो, आणि मागं दारात उभ्या असलेल्या मावश्यांनो, तुम्ही आधी पुढं या, सतरंजी मोकळी आहे.

मला सांगितलं होतं, बचतीवर बोला. बचतीवर बोलायला इथं माझ्यापेक्षा जाणत्या बाया बसल्या आहेत. मी आज सायकलवर बोलणार आहे. हसू नका. शेवटी ते बोलणं बचतीपर्यंतच येतं, बघा तुम्ही.

मी आठ-नऊ वर्षांची असताना आमच्या माहेरच्या गावी जत्रेला सर्कस आली होती. सर्कस आपल्या मुलखाला नवी नाही. आपल्या सांगलीकडच्या विष्णुपंत छत्र्यांनी १८८० साली सर्कस काढली, आणि त्यानंतर म्हैसाळच्या देवलांची सर्कस देशभर फिरली. तर आमच्या गावच्या त्या सर्कशीत एक मुलगी एका चाकाच्या सायकलवर बसून आली. एकच चाक. हँडल नाही, ब्रेक नाही. तिनं दोन्ही हात पसरले आणि सगळ्या रिंगणातून गोल फिरली. माझी आई टाळ्या वाजवून दमली.

पण मी आणखी एक गोष्ट बघितली, जी त्या रात्री टाळ्या वाजवणाऱ्यांनी बघितली नाही. सर्कशीचा तंबू आमच्या विहिरीजवळच्या माळावर होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाण्याला गेले, तर तंबूच्या मागं एक लहान मुलगी तीच एका चाकाची सायकल शिकत होती. एका हाताने तंबूचा खांब धरलेला, दुसरा हात एका वयस्क बाईच्या खांद्यावर. दोन फेरे पायडल मारलं की चाक मागं सटकायचं, पोरगी पुढं दोन पायांवर उतरायची, सायकल मागं आपटायची. परत उचलायची, परत खांब धरायचा. माझी घागर भरेपर्यंत ती कितीतरी वेळा पडली. ती बाई तिला रागावत नव्हती. नुसती म्हणायची, "समोर बघ. चाकाकडे बघू नको."

एका चाकाची सायकल किती अवघड असते, ते मला पुढं कळलं. आपली दोन चाकांची सायकल डावीकडे नाहीतर उजवीकडे पडते. एका चाकाची पुढंही पडते आणि मागंही पडते. तिची पायडलं थेट चाकालाच जोडलेली असतात, त्यामुळे पाय थांबले की चाक थांबतं, आपल्यासारखं पायडल न मारता नुसतं पुढं घरंगळत जाता येत नाही. अशी ती सायकल एक पोर शिकत होती. आणि मैत्रिणींनो, मी अडतीस वर्षांची होईपर्यंत दोन चाकांच्या सायकलवरसुद्धा बसले नव्हते.

आता हप्त्याची गोष्ट सांगते. आमच्या गटातल्यांना ती माहीत आहे, तरी सांगते.

आमची वस्ती कॅनॉलच्या पलीकडे. बँक बाजारगावात, सात किलोमीटर. त्यातले दोन किलोमीटर कच्च्या रस्त्याने चालायचं, मग डांबरी रस्त्यावर वडाप मिळाली तर मिळाली. मी गटाची सचिव, पण बँकेत जायचं म्हटलं की कुणाच्या तरी मोटरसायकलच्या मागं बसायचं. पेरणीचे दिवस होते. हप्त्याची तारीख शुक्रवारची. बुधवारी मालक म्हणाले, उद्या नेतो. गुरुवारी मोटरसायकल दिराने बियाणं आणायला नेली. शुक्रवारी मी चालत निघाले, रस्त्यावर दोन वडाप भरून गेल्या, तिसरीत जागा मिळाली. बँकेत पोचले तेव्हा पैसे घ्यायची खिडकी बंद झाली होती. शनिवार दुसरा, म्हणजे सुट्टी. मग रविवार. पैसे सोमवारी भरले.

तीन दिवसांचा उशीर. तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? आमच्या गटानं त्याआधी एकही हप्ता चुकवला नव्हता. वेळेवर फेडणाऱ्या गटाला व्याजात सवलत मिळते, हे इथं सगळ्यांना ठाऊक आहे. पुढं नव्या कर्जाचा अर्ज केला तेव्हा साहेबांनी नेमक्या त्याच ओळीवर बोट ठेवलं. कर्ज मिळालं, पण महिनाभर उशिरा. आमच्या गटात एक ताई आहेत, घरात कमावणारं दुसरं कुणी नाही. त्यांना त्या पैशांतून दोन शेळ्या घ्यायच्या होत्या. महिन्याभरात बाजार चढला, आणि दोनच्या जागी एकच शेळी आली.

त्या ताई मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. गटातलं कुणीच बोललं नाही. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या रात्री मी ओसरीत बसले होते, आणि समोर भिंतीला माझ्या लेकीची सायकल टेकवलेली होती. लांबून शाळेला येणाऱ्या मुलींना योजनेतून मिळते, ती. लेक रोज तिच्यावरून पाच किलोमीटर जाते आणि येते. आठवीत मिळाली तेव्हा चार दिवसांत शिकली होती. सायकल घरात होती, रस्ता तोच होता, आणि सात किलोमीटरसाठी मी तीन दिवस कुणीतरी नेण्याची वाट बघितली होती.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी लेकीला उठवलं. म्हटलं, "मला शिकव."

ती डोळे चोळत म्हणाली, "आई, तू?"

मैत्रिणींनो, पहिल्या दिवशी आम्ही सगळं चुकीचं केलं. तेच तुम्हाला आधी सांगते, म्हणजे तुमचा वेळ वाचेल. लेकीने सायकल धरली, मी सीटवर चढले, पाय जमिनीला टेकेनात. तिने हँडल धरून मला ओढलं. मी खाली चाकाकडे बघत होते, दोन्ही कोपर ताठ. सायकल डावीकडे कलली की मी घाबरून हँडल उजवीकडे वळवायची. खळ्यात पाच वेळा पडले. सासूबाई शेणाचे हात घेऊन गोठ्यातून आल्या आणि म्हणाल्या, "अगं पोरी, हातपाय मोडून घेशील, मग कोण बघायचं?"

त्यांचं चुकलं नव्हतं. आपल्या घरात बाईचा हात मोडला की सगळं घर मोडतं. म्हणून तर मी म्हणते, धाडस करू नका, रीत शिकून घ्या. ती रीत आम्हाला बाजारातल्या सायकल दुकानातल्या काकांनी सांगितली, आणि तिच्यावर माझ्यासारख्या नऊ जणी शिकल्या. नीट ऐका, हवं तर वहीत लिहून घ्या.

पहिलं म्हणजे जागा. रस्त्यावर शिकायचं नाही. शाळेचं मैदान, खळं, नाहीतर माळाचा टणक सपाट तुकडा. किंचित उतार असेल तर फार चांगलं. मुरूम नको, नांगरलेलं रान नको, कडेला विहीर किंवा चारी तर नकोच नको.

दुसरं, सायकल. सीट एवढी खाली करा की बसल्यावर दोन्ही पायांचे तळवे जमिनीला पूर्ण टेकले पाहिजेत. चवडे टेकले तर चालणार नाही, तळवे टेकले पाहिजेत. निम्मी भीती तिथंच जाते. आणि दोन्ही पायडलं काढून ठेवा. हो, काढून. दुकानदार पान्याने काढून देतो. घरी काढणार असाल तर एक लक्षात ठेवा, डाव्या पायडलचा आटा उलटा असतो. नेहमीसारखं फिरवलं तर ते सुटायच्या ऐवजी आवळत जाईल.

तिसरं, पहिले दोन दिवस नुसतं चालायचं. सीटवर बसायचं आणि पायांनी जमीन ढकलत पुढं जायचं, लहान पोर खेळण्यातल्या गाडीवर जातं तसं. लाज वाटते, मला माहीत आहे. पण यात पडायला होत नाही, पाय खालीच असतात. मग हळूहळू ढकलणं लांब करायचं आणि दोन्ही पाय उचलायचे. एक म्हणेपर्यंत. मग दोन, तीन. ज्या दिवशी पाय न टेकता दहा आकडे मोजून होतील, त्या दिवशी समजा की तोल आला. सायकल शिकायची म्हणजे तोलच शिकायचा. पायडल मारणं तर शिलाई मशीन चालवणाऱ्या बाईला शिकवावंच लागत नाही.

चौथं, आणि हे नीट समजून घ्या. सायकल ज्या बाजूला पडायला लागेल, त्याच बाजूला हँडल थोडं वळवायचं. मनाला हे उलटं वाटतं. मन म्हणतं, डावीकडे पडतेय तर उजवीकडे वळव. तसं केलं की पडलंच. डावीकडे पडतेय तर डावीकडे वळवा, म्हणजे चाकं परत तुमच्या खाली येतात. चांगली चालवणारी बाई सरळ जाताना दिसते, पण तिचं हँडल सारखं बारीक बारीक हलत असतं, ती अशीच स्वतःला सावरत असते. आणि अगदी सावकाश गेलं तर सायकल जास्त डगमगते. थोडा वेग आला की आपोआप स्थिर होते. म्हणून तर थोडा उतार हवा.

पाचवं, ब्रेक. पायडल बसवायच्या आधी ब्रेक शिका. कोणता ब्रेक कोणत्या चाकाचा, ते सायकल हाताने ढकलून तपासा. दोन्ही एकदम पण हळू दाबायचे. नुसता पुढचा ब्रेक जोरात दाबला तर मागचं चाक उचलतं आणि माणूस हँडलवरून पुढं जातो.

सहावं, मग पायडलं बसवा. एक पायडल वर घ्या, त्यावर पाय ठेवा, जोर द्या, आणि दुसरा पाय उचला. पहिले दोन दिवस सरळच जायचं. मग मोठा गोल. मग दोन दगड ठेवून त्यांच्यामधून. सगळ्यात शेवटी मागं वळून बघायचं आणि एका हाताने चालवायचं, कारण रस्त्यावर हात दाखवावा लागतो.

आणि सातवं, धरणारीसाठी. जी मैत्रीण सायकल धरते तिने हँडल धरायचं नाही. हँडल धरलं की शिकणारीला तोल कळतच नाही. सीटची मागची बाजू धरा, नाहीतर तिच्या खांद्याला हात लावून बाजूने चाला. सोडताना सांगून सोडा. "धरलंय, धरलंय" म्हणत गुपचूप सोडायचं नाही. पोरांना ते चालतं. मोठ्या बाईचा एकदा विश्वास उडाला की ती परत सायकलवर बसत नाही.

मला बारा सकाळी लागल्या. आमच्यातल्या एकीला चार लागल्या, एकीला सव्वा महिना. रोज अर्धा तास, बस. जास्त केलं तर अंग दुखतं, आणि मग दुसऱ्या दिवशी अंथरुणातून उठवत नाही.

आठव्या दिवशी मी खळ्यात गोल फिरत होते आणि नजर परत चाकावर गेली. गोठ्याच्या दारातून आवाज आला, "मान वर कर की गं!" सासूबाई होत्या. आठ दिवस रोज त्या शेण काढता काढता बघत होत्या, मला वाटलं नावं ठेवतायत. त्या तर शिकत होत्या. त्यांचे गुडघे धड असते तर आज त्याही इथं सायकलवर आल्या असत्या.

आता तुमच्या मनात काय आहे ते मी सांगते. मला ही तीन वाक्यं पन्नासदा ऐकायला मिळाली आहेत.

पहिलं, "आता आमचं वय झालं." अमेरिकेत फ्रान्सिस विलार्ड नावाच्या बाई होत्या. बायकांची मोठी दारूबंदीची संघटना होती, तिच्या त्या अध्यक्ष. म्हणजे आपल्याच वाटेवरच्या, दारूची दुकानं बंद करा म्हणणाऱ्या. त्या ५३ व्या वर्षी सायकल शिकल्या. तेही सव्वाशे वर्षांपूर्वी, पायघोळ झग्यात. आणि १८९५ साली त्यावर त्यांनी पुस्तक लिहिलं. रोज साधारण पंधरा मिनिटं सराव केला आणि तीन महिने लागले, असं त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं आहे. आपल्या गटांत ५३ वर्षांच्या बाया उसाची मोळी डोक्यावर घेतात, आणि सायकल म्हटलं की वय आठवतं.

दुसरं, "लोक हसतील." हसतात. खोटं कशाला सांगू? मी पहिल्यांदा पारावरून गेले तेव्हा चार जणांनी तंबाखू मळायची थांबवली. पण एकटी बाई गेली की लोक हसतात, वीस गेल्या की बाजूला होतात. हे मी मनाचं सांगत नाही. तमिळनाडूत पुदुकोट्टई म्हणून जिल्हा आहे. गरीब, कोरडा. तिथं १९९१ च्या सुमारास साक्षरतेची मोहीम चालू होती. जिल्हाधिकारी एक बाई होत्या, शीला राणी चुंकत. त्यांनी अक्षरांबरोबर सायकलही शिकवायची ठरवली, कारण शिकवायला गावोगाव जाणाऱ्या बाईला जायचं कसं, हाच पहिला प्रश्न होता. शेतमजूर बाया, दगडखाणीत खडी फोडणाऱ्या बाया, अंगणवाडीच्या सेविका, सगळ्या शिकल्या. पत्रकार पी. साईनाथ यांनी त्याबद्दल लिहिलं आहे. लाखाच्या वर बायका सायकल शिकल्या. १९९२ च्या महिला दिनानंतर हँडलला झेंडे लावून दीड हजारावर बायकांनी शहरातून सायकल फेरी काढली. बायकांना सायकलसाठी बँकांनी कर्जं दिली. लेडीज सायकली दुकानात पुरेनात, तेव्हा बाया दांडीच्या सायकली घेऊ लागल्या. काही तर म्हणाल्या की दांडीचीच बरी, पुढं पोराला बसवता येतं. तिथंही सुरुवातीला लोक वाईट बोललेच. पण गावोगाव एवढ्या बाया रस्त्यावर दिसायला लागल्यावर किती जणींना बोलणार?

तिसरं, "साडीत कसं जमणार?" हा प्रश्न खरा आहे. चेनला पूर्ण कव्हर असलेली सायकल घ्या, आणि मागच्या चाकाला साडी न अडकण्यासाठी जाळी लावून घ्या. पदर पुढं घेऊन कमरेला घट्ट खोचा, वर पिन लावा. निऱ्या थोड्या वर घ्या. मोकळा पदर आणि ओढणी ही चाकाची वैरीण आहे, चेष्टेवारी घेऊ नका. ज्यांना ड्रेस चालतो त्यांनी ड्रेस घाला. आणि नऊवारीवाल्या मावश्यांनो, तुम्ही तर सगळ्यात सुखात आहात. कासोटा घालून मांड टाकायला आपल्या आज्यांनी कुणाला विचारलं नव्हतं.

आता मी पडले ती गोष्ट. शिकून दीड महिना झाला होता. बैठक संपवून गटाचं दप्तर कॅरिअरला बांधून घरी येत होते. समोरून ट्रॅक्टर आला. रस्ता अरुंद, कडेला चारी. मी मनात म्हटलं, चारीत पडायचं नाही, चारीत पडायचं नाही, आणि चारीकडेच बघत राहिले. कुठं गेले असेन? चारीत. गुडघाभर पाणी, बचत नोंदवही भिजली, सगळी पासबुकं भिजली. ट्रॅक्टरवाल्या पोराने बिचाऱ्याने उतरून हात दिला.

लागलं काही नाही. पासबुकं तव्यावर गरम करून वाळवली, वही परत लिहून काढली. तेव्हापासून दप्तर प्लास्टिकच्या पिशवीत असतं. पण मला विहिरीजवळची ती सर्कशीतली बाई आठवली. समोर बघ, चाकाकडे बघू नको. सायकल आपण बघतो तिकडंच जाते. खड्डा चुकवायचा असेल तर खड्ड्याच्या बाजूची चांगली वाट बघायची. आणि ट्रॅक्टर, उसाची ट्रॉली, डंपर समोरून आला तर शहाणपण दाखवायचं नाही. उतरायचं, सायकल कडेला घ्यायची, तो गेला की परत बसायचं. उतरून उभं राहणं ही हार नाही. रोज घरी सुखरूप यायचं आहे आपल्याला.

त्या संध्याकाळी मला वाटलं होतं, घरात आता सायकल बंद. मालकांनी भिजलेली मी बघितली, भिजलेलं दप्तर बघितलं, काही बोलले नाहीत. सकाळी उठले तर सायकल पुसून ठेवलेली. म्हणाले, "मागच्या चाकात हवा कमी आहे. म्हणून ओढ खाल्ली असेल." चारी त्यांनी हवेच्या नावावर घातली. मीही ती तिथंच राहू दिली.

आज आमच्या गटात अकरा जणींपैकी नऊ जणी सायकल चालवतात. दोघी नाही चालवत. एकीचे गुडघे गेलेत, डॉक्टरांनी नको सांगितलं. ती पहाटे मैदानावर येते आणि धरायचं काम करते, तिच्याइतकं चांगलं कुणी धरत नाही. दुसरीच्या घरून अजून नाही म्हणतात. तिला आम्ही टोचत नाही. तिच्या घरात तिला राहायचं आहे, आम्हाला नाही. पण तिच्या नावाची सकाळ आम्ही राखून ठेवली आहे. आणि हेही सांगते, ज्यांना चक्कर येते, रक्तदाबाचा त्रास आहे, ज्या गरोदर आहेत, त्यांनी आधी डॉक्टरांना विचारा.

फरक काय पडला? चालत तासाला चार किलोमीटर होतात, सायकलवर सावकाश गेलं तरी दहा. सात किलोमीटरची बँक आता पाऊण तासावर आली. वडापचे पैसे वाचतात, आणि ते मी वेगळ्या डब्यात टाकते. आली का नाही बचत बोलण्यात? पण खरा फरक वेगळा आहे. त्या पेरणीनंतर आमचा एकही हप्ता चुकलेला नाही. तारखेच्या आदल्या दिवशी दोघी दोघी जातात, पाळीने. सचिव आजारी असली तरी हप्ता जातो. आधी गटाचा सगळा व्यवहार माझ्या घरच्या मोटरसायकलवर अवलंबून होता, आणि ही गोष्ट आमच्या कुठल्याही वहीत लिहिलेली नव्हती.

आणि ज्या ताईंची एक शेळी कमी आली होती, त्या आता दुधाचं भांडं कॅरिअरला बांधून रोज डेअरीला जातात. त्यांना सायकल मी शिकवली. ते देणं माझ्यावर होतं.

तर आता माझं मागणं. हे वाचणाऱ्या, ऐकणाऱ्या प्रत्येक गटानं पुढच्या बैठकीत हा एक विषय घ्यावा. किती जणींना सायकल येते, हात वर करा. किती घरांत लेकीची सायकल उभी आहे, मोजा. लेक शाळेतून आल्यावर ती रिकामीच असते. सगळ्या गटात मिळून एक जुनी सायकल घेतली तरी चालते, आम्ही आमची पहिली अंतर्गत कर्जातून घेतली आणि वापरणाऱ्यांनी मिळून फेडली. पहाटेची वेळ ठरवा. आणि तीन नियम करा. शिकणारीला कुणी हसायचं नाही. तिचा मोबाईलवर व्हिडिओ काढायचा नाही, ती चालवायला लागली आणि स्वतः म्हणाली तर काढा. आणि जी शिकली, तिने दुसऱ्या एकीला शिकवायचं.

हे नियम का, ते सांगते आणि थांबते. सर्कशीतली ती मोठी मुलगी जन्मतःच एका चाकावर बसली नव्हती. तीही कधीतरी तंबूच्या मागं पडली असणार. फक्त तिला पडायला जागा होती, आणि धरायला कुणाचा तरी खांदा होता. आपल्या बायांना पडायला जागा मिळत नाही. भर रस्त्यात, भर पारासमोर पहिल्यांदाच नीट जमलं पाहिजे, ही आपल्याकडून अपेक्षा. सायकलचंच नाही, बँकेतल्या फॉर्मचंही तेच, ग्रामसभेत बोलण्याचंही तेच. आज मी इथं बोलतेय, तर मागची चार वर्षं मी गटाच्या बैठकीत अडखळत बोलले आहे, आणि तुम्ही ते ऐकून घेतलं आहे. गट हा आपला तंबूच्या मागचा माळ आहे.

मी आज सायकलवर आले आहे. बाहेर लिंबाखाली दोन सायकली उभ्या आहेत. एक माझी, आणि दुसरीची सीट खाली करून, पायडलं काढून आणली आहे. जेवण होईपर्यंत अर्धा तास आहे. ज्यांना नुसतं बसून बघायचं आहे त्यांनी या. मागचं मैदान सपाट आहे, पुरुष मंडळी सगळी पुढच्या मांडवात आहेत, आणि धरायला आम्ही नऊ जणी आहोत.